तडीपारीची नोटीस तुमच्या घरात कधी आली होती का?

शेवंती
काल माळा झाडताना आईच्या ट्रंकेत दादाची नोटीस सापडली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली. वर 'मुंबई पोलीस कायदा 1951, कलम 59', तेव्हा कायद्याचं नाव हेच होतं. आई जाऊन चार वर्षं झाली, आणि तिने हा कागद जपून ठेवला होता हे मला माहीतच नव्हतं.

दादा तेव्हा चोवीस वर्षांचा. मारामारीच्या दोन केसेस, त्यातल्या एकीत निर्दोष सुटलेला. नोटिशीत लिहिलंय, 'गेल्या वर्षभरात सदर हद्दीत दहशत निर्माण केली, दोन साक्षीदारांनी नाव उघड न करण्याच्या अटीवर जबाब दिले.' बस. तारीख नाही, ठिकाण नाही. बाबा प्रांतसाहेबांपुढे हात जोडून एवढंच म्हणाले होते, "साहेब, मी त्या दिवशी तिथं नव्हतो असं पोराला म्हणायचं असलं, तरी दिवस कुठला ते कळायला हवं ना?" उत्तर मिळालं, काय ते लेखी द्या. पंधरा दिवसांत आदेश आला. जिल्ह्याबाहेर, दोन वर्षं.

दादाने गुन्हा केलाच नव्हता असं मी म्हणत नाही. पण त्याला नीट ऐकून घ्यायला हवं होतं. तुमचे अनुभव लिहा.

कृष्णाकाठ
थोरल्या दिरांना झाली होती. पुतणीचं बारसं त्यांच्याशिवाय झालं. सव्वा महिना झाल्यावर जाऊबाई बाळाला घेऊन शेजारच्या जिल्ह्याच्या एसटी स्टँडवर गेल्या, तिथल्या बाकावर बापाने लेक पहिल्यांदा मांडीवर घेतली. बाकीचं रात्री लिहिते, कुकर लागलाय.

पाऊलवाट
खोली मिळत नाही हो परक्या गावात. मालक पहिलं विचारतो, गाव का सोडलं? मामा सहा महिने वीटभट्टीवर झोपला.

काळा कोट
शेवंतीताई, मी तालुक्याला वकिली करते, हे अर्ज आठवड्याला येतात. कलम 56 खाली दोन गोष्टी लागतात: माणूस हिंसेचे गुन्हे करतो किंवा करील असं मानायला सबळ कारण, आणि साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येत नाहीत असं अधिकाऱ्याचं मत. 59 खाली लेखी नोटीस, बाजू मांडायची वाजवी संधी, वकील देता येतो, साक्षीदारही आणता येतात. आदेशावर 30 दिवसांत अपील. मयत, आजारपण असलं तर तात्पुरती परवानगी मागता येते, हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कडू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जुन्या रांगणेकर निकालानुसार आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप कळवलं की पुरे, कारण तपशील दिला की साक्षीदार ओळखू येतो. पण जालन्याच्या प्रकरणात जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द केला. तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे, शिळ्या गुन्ह्यांवर ती टेकवता येत नाही, आणि कमाल मुदत म्हणजे दोन वर्षं द्यायची तर ती का, हे आदेशात दिसायला हवं. दादाच्या आदेशात कारण दिलंय का, बघा.

शेवंती
आदेशाच्या शेवटच्या पानावर फक्त 'दोन वर्षे' आहे. कारण नाही. आम्हाला अपिलाचंही कोणी सांगितलं नव्हतं.

चहाभाकर
लिहू की नको असं दोन तास चाललंय. मी असा नाव न सांगता जबाब देणाऱ्यांपैकी आहे. तुमच्या गावची नाही, दुसरीकडची. आमची टपरी. दर शनिवारी तिथला एक गुंड पैसे न्यायचा, एकदा उकळत्या चहाचं पातेलं आमच्या ह्यांच्या पायावर ओतलं. उघड तक्रार केली असती तर मुलीला शाळेत पाठवणं मुश्कील झालं असतं. बंद खोलीत जबाब दिला. नंतर मोठे साहेब स्वतः आले, खरं-खोटं विचारून गेले. तो गेल्यावर दोन वर्षं आम्ही सुखाने झोपलो.

पण मी तारीख सांगितली होती. वेळसुद्धा. ती त्याला कळवत नाहीत, हे आज इथे वाचून समजलं. त्याच्याही घरी म्हातारी आई होती.

शेवंती
ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमच्यावर राग येत नाहीये. पाय बरा झाला का त्यांचा?

चहाभाकर
चालतात. थंडीत दुखतो.

पाऊलवाट
निर्गुडीच्या पाल्याचा शेक द्या, माझ्या आजीला गुण आला होता.

कृष्णाकाठ
आले परत. शेवंती, तो कागद लॅमिनेट करू नकोस हं, आमच्या सातबाऱ्याची शाई पार पुसली होती.

शेवंती
नाही करत. आत्ताच दादाला फोन केला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईची पिशवी तशीच राहू दे, रविवारी मी येतो."