मदत हवी आहे: दुखतो उजवा खुबा, मग काठी डाव्या हातात का?

कुतूहल_७

मंडळी, शंका शास्त्राची आहे, पण उगम घरातल्या वादात आहे. आईचा उजवा खुबा झिजलाय. फिजिओथेरपिस्टने काठी डाव्या हातात धरायला सांगितली आणि तिथूनच ठिणगी पडली. आईचं म्हणणं, "दुखतं इकडे आणि आधार तिकडे? छप्पर गळतंय इकडे म्हणून बादली तिकडे ठेवशील का?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

बरं, ती नुसती हट्टाने बोलत नाहीये. काठी उजव्या हातात घेतली की दुखणं कमी होतं, हे ती शपथेवर सांगते, आणि चेहऱ्यावरूनही तसंच दिसतं. डाव्या हातात दिली की चार पावलांत गोंधळते.

शाळेतली तरफ, टेकू, भार, बल एवढं मला आठवतं. "डॉक्टर सांगतात म्हणून" हे उत्तर आईपुढे चालणार नाही. कुणी आकडेमोडीसकट समजावून सांगेल का? आणि उजव्या हाताने तिला बरं का वाटतं, तेही.

मधली_सुट्टी

सोपं आहे हो. काठी दुखऱ्या पायाशेजारी ठेवली की अर्धं वजन काठीवर जातं. तुमच्या आई बरोबर आहेत.

टेकूवाला

@मधली_सुट्टी, साठ किलोच्या माणसाचं अर्धं वजन म्हणजे तीस किलो. एका तळहाताने, एका मनगटावर, दर पावलाला तीस किलो दाबून बघा, मग बोलू. साध्या काठीवर माणूस जेमतेम पाच-दहा किलो टाकतो. एवढ्याशा बलातून मोठा फायदा काढायचा असेल, तर ते कुठे लावायचं हाच खरा प्रश्न आहे.

@कुतूहल_७, विषय आवडीचा आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

चालताना दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा वेळ अगदी थोडा. प्रत्येक पाय साधारण ६० टक्के वेळ टेकलेला आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. म्हणजे दर पावलाला काही काळ सगळा डोलारा एकाच खुब्यावर. उजव्या पायावर उभे आहात असं धरा. उजवा खुबा हा टेकू. शरीराचा गुरुत्वमध्य मात्र त्याच्या डोक्यावर नाही, तो आतल्या बाजूला, मध्यरेषेकडे आहे. त्यामुळे वजन सतत कंबरेला डावीकडे खाली पाडू बघतं. तिला आडवं धरून ठेवतो तो खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू, मुख्यतः ग्लुटिअस मीडियस. टेकू मध्ये, एका बाजूला भार, दुसऱ्या बाजूला बल. पहिल्या प्रकारची तरफ.

आता आकडे. वजन ६० किलो. ज्या पायावर उभे आहोत त्याचं वजन खुब्यावर येत नाही, ते खुब्याखाली आहे. ते साधारण एक षष्ठांश, म्हणजे १० किलो. उरले ५०. हे ५० किलो खुब्यापासून सुमारे १० सेंमी आत लागतात. स्नायूची ओढ मात्र खुब्यापासून जेमतेम ५ सेंमीवर. भुजा निम्मी, तर बल दुप्पट:

५० × १० = स्नायू × ५, म्हणून स्नायूची ओढ १०० किलो.

आणि खुब्याच्या वाटीत गोळ्यावर काय येतं? वरचे ५० अधिक स्नायूचे १००. एकूण १५० किलो, वजनाच्या अडीच पट! सांध्याला भारी पडतं ते स्वतःच्याच स्नायूचं ओढणं. हे गणित फ्रीडरिख पॉवेल्स या जर्मन अस्थिशल्यविशारदाने १९३५ च्या सुमारास मांडलं. (स्नायूची ओढ थोडी तिरकी असते, ती मी सरळ धरली आहे.)

आता डाव्या हातातली काठी. ती उजव्या खुब्यापासून साधारण ४० सेंमी लांब टेकते. तिच्यावर फक्त ६ किलो दाबा. जमीन तेवढ्याच जोराने वर ढकलते, आणि तेही जी बाजू खाली पडू बघत होती तिथेच. ६ × ४० = २४०. स्नायूला आता ५०० ऐवजी २६० सांभाळायचे, म्हणजे ओढ ५२ किलो. सांध्यावर ५० + ५२ − ६ = ९६. सहा किलो दाबून चोपन्न किलो वाचले. बादली लांब ठेवायची ती यासाठी.

हा उभ्या माणसाचा हिशेब आहे, बरं का. कृत्रिम खुब्यात संवेदक बसवून चालताना मोजलेली घट यापेक्षा बरीच कमी भरते. पण दिशा तीच राहते.

कुतूहल_७

वा! वहीत आकृती काढून पाहिलं, पटलं. पण मग उजव्या हातात काठी घेतल्यावर आईला बरं का वाटतं? ती खोटं बोलत नाहीये.

टेकूवाला

नाहीच बोलत. आधी सरळ उभ्या माणसाचं बघू. उजव्या हातातली काठी खुब्याच्या बाहेर २० सेंमीवर. तिथून जमीन वर ढकलते ती उजवी बाजू, म्हणजे डावी आणखीच खाली. वजनाला मदत, स्नायूला अडथळा. ५०० + १२० = ६२०, भागिले ५, १२४. सांध्यावर ५० + १२४ − ६ = १६८. काठीशिवाय होते त्याहून जास्त!

पण आई सरळ राहत नसणार. त्यांना मागून चालताना पाहा. काठी उजवीकडे गेली की धडही उजवीकडे झुकतं. धड झुकलं की वजन खुब्याच्या जवळ सरकतं. १० चे ५ सेंमी झाले, तर (२५० + १२०) ÷ ५ = ७४, आणि सांध्यावर ११८. आराम मिळतोय तो झुकण्याने. काठी फक्त झुकायला धीर देते.

झुकणं ही शरीराची जुनी युक्ती आहे, कुणी शिकवावी लागत नाही. हा स्नायू दुबळा असेल तर एका पायावर उभं राहताना उलट बाजूची कंबर खाली उतरते, ही खूण ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाने १८९५ मध्ये वर्णिली. ती कंबर उतरू नये म्हणून माणूस धड फेकत चालतो. खुबा सुटतो, पण मणका दर पावलाला डोलतो, आणि दिवसभर डोलला की कंबर बोलते.

रिकामटेकडा

वाचनीय धागा. एक भाबडा प्रश्न: स्नायू सांध्याच्या इतके जवळ चिकटलेले का? जरा लांब चिकटवले असते तर एवढा ताण आला नसता ना?

टेकूवाला

ताण कमी झाला असता, पण हालचालही मंद झाली असती. दंडाचा बायसेप्स कोपरापासून ४-५ सेंमीवर चिकटतो आणि तळहात तिथून ३५ सेंमी लांब. स्नायू थोडासा आखडला की हात भलामोठा फिरतो. मोबदल्यात हातातल्या ५ किलोसाठी स्नायूला ४० किलोच्या आसपास ओढावं लागतं. उचललेल्या ओझ्यापेक्षा स्नायू कितीतरी जास्त ओढतात हे बोरेल्ली या इटालियन गणितज्ञाने सतराव्या शतकातच दाखवलं होतं. असो, काठीकडे वळू.

पायवाट

मी याच क्षेत्रातली, म्हणून थोडं व्यवहाराचं. काठीची उंची आधी तपासा. चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. धरल्यावर कोपर २०-३० अंश वाकलेलं असावं. काठी उंच असेल तर खांदा वर चढतो आणि दाबताच येत नाही, मग डाव्या हातात "जमत नाही" असं वाटतं. आईंचा गोंधळ यामुळेही असू शकेल. खालची रबरी टोपी गुळगुळीत झाली असेल तर ती आधी बदला.

ताल असा: काठी आणि उजवा पाय एकदम पुढे, मग डावा. काठी मागाहून आली तर तिचा उपयोग नाही. सुरुवातीला कुणीतरी शेजारून "काठी-उजवा, डावा" असं म्हणत चाला. हातपाय नेहमीही उलटसुलटच हलतात, म्हणून ताल पटकन बसतो.

शस्त्रक्रिया झाली असेल किंवा घोटा-पाऊलही दुखत असेल तर मात्र तपासणाऱ्याचंच ऐका. आणि वेदना अचानक वाढली, पायावर भारच घेता येईना, तर काठीचे प्रयोग थांबवून दाखवून या.

कुतूहल_७

काठी खरंच उंच होती! दोन भोकं खाली घेतली. आईने आकडे ऐकून घेतले आणि "बघते" म्हणाली, आमच्याकडे हा होकार असतो. आता पुढचा आक्षेप आला आहे: डाव्या हातात काठी, मग पिशवी कुठे?

टेकूवाला

उजव्या हातात, आणि तेच बरं आहे! दुखऱ्या बाजूची पिशवी खुब्याच्या बाहेर लटकते, त्यामुळे ती वजनाला तोलते. काठी नसताना ५ किलोची पिशवी उजवीकडे धरली तर सांध्यावर १३५ किलो, डावीकडे धरली तर १९५. वरच्याच पद्धतीने मांडून बघा. पण म्हणून मुद्दाम ओझं देऊ नका. पाच किलोच्या पुढे पिशवी त्यांच्या हातात नकोच, तुम्ही घ्या.

मधली_सुट्टी

माझा मुद्दा मागे घेतो 😀. जिन्यावर काय करायचं तेवढं सांगा, आमच्याकडेही एक काठी आहे.

पायवाट

चढताना चांगला पाय आधी वर, मग काठी आणि दुखरा पाय. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी खाली, मग चांगला. शरीर उचलण्याचं आणि हळू उतरवण्याचं काम दोन्ही वेळा चांगल्या पायाकडे राहतं. कठडा असेल तर तो धराच. काठीपेक्षा तो भक्कम. कठडा डावीकडेच असेल तर जिन्यापुरती काठी उजव्या हातात गेली तरी चालेल. वर पोचलं की परत डाव्या हातात.