ड्रायवॉल: दोन शीटच्या जोडावर फुगवटा येतोय, घासून टाकू का?

उद्योगी_जर्सीकर:
मंडळी, न्यू जर्सीतल्या घराचं बेसमेंट स्वतःच करतोय. वायरिंगचं इन्स्पेक्शन पास झालं, ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्सम बोर्डाच्या, ४ बाय ८ फुटी, अर्धा इंच जाडीच्या शीट आडव्या ठोकल्या, जोडांवर टेप आणि मडचे (जोड भरायच्या लांबीचे) दोन हात झाले. लांब कडांचे जोड झकास बसलेत. पण जिथे शीटची आखूड बाजू आखूड बाजूला भिडते, तिथे हाताला चक्क उंचवटा लागतो. खिडकीतून तिरकं ऊन आलं की उभा पट्टा दिसतो. बायको म्हणते, रंगात झाकून जाईल. पॉलिश पेपरने सपाट करू का?

कोपऱ्यातली_ताई:
रंगात काहीएक झाकत नाही हो, उलट उठून दिसतं! आणि घासू तर मुळीच नका. टेप उघडी पडली की संपलं.

शीटच्या लांब कडा कारखान्यातूनच जरा पातळ होऊन येतात. त्या खोलगटात टेप आणि मड मावतं. आखूड बाजूला ती सोय नाही, त्यामुळे टेप भिंतीच्या वरच बसणार. हा उंचवटा जात नाही, तो पसरवून लपवायचा. १२ इंची नाइफ (मड पसरवायची रुंद पट्टी) घ्या. जोडाच्या डावीकडे एक पट्टा, उजवीकडे एक, मधे टेपवर जवळजवळ काहीच नाही. नाइफची बाहेरची कड दाबायची, आतली किंचित उचलायची. एकूण रुंदी दोन फूट तरी भरू दे. मड श्रीखंडापेक्षा सैल करा. वाळून पूर्ण पांढरं होईपर्यंत पुढचा हात नाही. बेसमेंटमध्ये हवेतली ओल ओढणारा डिह्युमिडिफायर लावा, नाहीतर बसाल वाट बघत.

मग लांब सरळ पट्टी आडवी धरून बघा. मधे टेकून डुलली, तर अजून पसरवा.

उद्योगी_जर्सीकर:
ताई, या जोडांना जाळीची टेप आहे आणि मड बादलीतलं तयार. चालेल ना?

कोपऱ्यातली_ताई:
जाळीवर पहिला हात पावडरवाल्या सेटिंग मडचा हवा, ते कडक होतं. बादलीतलं तिथे तडकू शकतं. अजून भेग नसेल तर उगाच उकरू नका. केसाएवढी जरी दिसली तरी जाळी काढा आणि पेपर टेप बसवा, खाली मड भरपूर, नाहीतर फुगे येतात.

एखादी खोली बाकी असेल तर आखूड जोड स्टडवर (शीटमागच्या उभ्या खांबावर) न आणता दोन स्टडच्या मधे आणा. मागून प्लायची पट्टी, तीही जोडापाशी जराशी आत दबलेली. टेपला आपोआप जागा मिळते. मी आता दुसरं काही करतच नाही.

भिंतीला_कान:
पुण्यात आमच्याकडे जिप्समचं पार्टिशन झालं, जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) चॅनलवर. मिस्त्री रात्री दिवे घालवून टॉर्च भिंतीला लावून धरायचा आणि पेन्सिलने खुणा करायचा. उन्हाची वाट कशाला बघता?

कोपऱ्यातली_ताई:
अगदी! आणि ड्रायवॉल प्रायमर मारल्यावर पुन्हा एकदा टॉर्च फिरवा, तोवर लपलेलं तेव्हा दिसतं. रंग मॅटच घ्या. जर्सीकर, शेवटचा हात वाळल्यावर हलकंसं घासाल तेव्हा मास्क घाला आणि फर्नेस (घरभर गरम हवा सोडणारी भट्टी) बंद ठेवा, नाहीतर ती पांढरी धूळ वरच्या मजल्यावर जाईल आणि मग वहिनींशी तुमचं तुम्ही बघा.