गोवर लसीकरणासाठी व्हीआर खेळ: समूह संरक्षण नेमकं दाखवायचं कसं?

प्रश्न (लसशिक्षण): डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी जगात (व्हीआर) खेळायचा सहा मिनिटांचा खेळ बनवतोय. खेळणारा १०० पात्रांच्या गर्दीत बसतो, किती जणांना लस द्यायची ते ठरवतो आणि मग साथ पसरताना पाहतो. अडचण अशी, की ९० टक्के लसीकरणावर कधी साथ भडकते, तर कधी आपोआप विझते. चाचणीत लोक म्हणतात, ‘म्हणजे ९० पुरे.’ गणितात चूक आहे का?

रोगगणित: गणित बरोबर आहे, गडबड योगायोगाची आहे. लस नसलेल्या समाजात गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण देतो. १५ धरा. दोन डोस सुमारे ९७ टक्के परिणामकारक. म्हणजे ९० टक्के लसीकरणावरही एक रुग्ण सरासरी १.९ जणांना लागण देतो. साथ वाढायलाच हवी, पण एकाच रुग्णापासून सुरू केलीत तर चार-पाच खेळांतून एकदा ती नशिबानेच विझते, आणि खेळणारा तर एकदाच खेळतो! सुरुवातीला एकमेकांपासून लांब तीन रुग्ण ठेवा. मग तिन्ही साखळ्या विझण्याची शक्यता जेमतेम सव्वा टक्का उरते. समूह संरक्षणाचा उंबरठा, म्हणजे ज्याच्या वर साथ टिकत नाही ते लसीकरण, येतो सुमारे ९६ टक्क्यांवर. त्याच्या आसपासचा निकाल एका खेळावर सोडू नका. तोच प्रसंग वीस वेळा झरझर चालवून दाखवा.

आणि कृपा करून लस टोचताच पात्राभोवती चमकती ढाल उभी करू नका. संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. काहींना साधारण आठवड्याभराने ताप किंवा पुरळ येतं, तेही दाखवा. खेळाने लपवलं आणि घरी मूल तापलं, तर पुढच्या डोसला पालक येणार नाहीत.

हेडसेटवाला: शिबिरात चालवणार असाल तर फिरत्या स्टुलावर बसवून खेळवा. कळ दाबून सरकत चालणं नको. डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला जाणवत नाही, आणि मळमळ सुरू होते. सेकंदाला ७२ चित्रांच्या खाली जाऊ नका. शंभर पात्रं जड पडली तर लांबच्या पात्रांचा तपशील कमी करा.

सहा मिनिटं खेळ, चार मिनिटं पट्टा बसवणं आणि पुसणं. चार हेडसेटवर तासाला २४ माणसं, त्याहून जास्त धरू नका. चेहऱ्याची गादी धुता येणारी घ्या, ती दर माणसामागे पुसा. भिंगांना मात्र अल्कोहोल लावू नका, वरचा लेप जातो. कोरडं मायक्रोफायबर बस्स. हेडसेट उन्हात उलटा ठेवलात तर भिंगातून ऊन एकवटून पडदा जळतो.

लसशिक्षण: तीन रुग्ण ठेवतो. परिणाम मोजायला खेळानंतर लगेच प्रश्नावली पुरेल?

रोगगणित: त्यातून फक्त ताजी आठवण कळते. चार आठवड्यांनी पुन्हा विचारा, आणि हाच मजकूर साध्या टॅबवर पाहिलेला दुसरा गट ठेवा. नाहीतर फरक व्हीआरमुळे पडला की मजकुरामुळे, हे कळणार नाही. ‘लस चांगली वाटते का’ विचारण्यापेक्षा राहिलेला डोस घेतला का, ते लसीकरण कार्डावर पाहा.