‘फक्त पुरुष उमेदवार’ असे जाहिरातीत लिहिता येते का?

प्रश्न – अंधेरीकर
अंधेरी पूर्वेतील एका सॉफ्टवेअर कंपनीच्या भरती विभागात मी काम करते. सर्व्हर सांभाळणाऱ्या रात्रपाळीच्या अभियंत्यासाठी जाहिरात तयार करताना ‘फक्त पुरुष उमेदवारांनी अर्ज करावा’ ही ओळ घालण्यास मला सांगण्यात आले आहे. शेवटची लोकल गेल्यावर बायका घरी कशा जाणार, हे त्यामागचे कारण. ही ओळ कायद्यात बसते का? आणि ती काढल्यावरही जाहिरात पुरुषांसाठीच आहे असे वाटू नये, यासाठी काय करावे?

उत्तर – जुना भरतीवाला
बसत नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ च्या कलम १३ नुसार भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत स्त्रियांबाबत भेदभाव करता येत नाही. त्याच कलमाने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीच्या संमतीने काम देण्याची मुभा दिली आहे. मात्र तिची सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत वाहतूक ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. थोडक्यात, ‘घरी कशा जाणार’ हा प्रश्न तुमच्या वरिष्ठांनी उमेदवाराला नव्हे, स्वतःला विचारायचा आहे.

उत्तर – पवईची प्रोग्रॅमर
दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. गॉशे, फ्रीसेन आणि के या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ‘वर्चस्व’, ‘स्पर्धात्मक’ अशा पुरुषी वळणाच्या शब्दांनी भरलेल्या इंग्रजी जाहिराती स्त्रियांना कमी आकर्षक वाटल्या, आणि त्याचे मुख्य कारण आपल्याला ते काम जमणार नाही हे नसून तिथे आपले कोणी नसेल ही भावना होती. (‘कोडिंग निंजा हवा’ ही ओळ वाचून मी स्वतः कितीदा तरी पुढे सरकले आहे.) मराठीत तर विशेषणाआधी क्रियापदच लिंग सांगून मोकळे होते: ‘उमेदवार अनुभवी असावा, त्याला लिनक्स येत असावे.’ ‘उमेदवारास लिनक्स येणे आवश्यक’ असे लिहिले की ‘तो’ आपोआप गळतो.

उत्तर – ठाणे लोकल
जाहिरात सुधारली तरी अर्ज चाळणाऱ्या यंत्राकडेही पाहा. पुरुषांचेच अर्ज बहुसंख्येने पाहून शिकलेली ॲमेझॉनची प्रायोगिक प्रणाली ‘विमेन्स’ हा शब्द असलेल्या अर्जांचे गुण कमी करीत असे, ही बातमी २०१८ मध्ये आली होती.

अंधेरीकर
आभार. ती ओळ काढून ‘रात्रपाळीत घरापर्यंत वाहनाची सोय कंपनी करील’ असे लिहिले आहे. गाडीच्या खर्चाचा प्रस्ताव सोमवारी वरिष्ठांसमोर ठेवणार आहे.