मदत हवी आहे : महिनाअखेरीस कमी खर्चात घरच्यांना पोटभर आणि चांगले जेवण कसे द्यावे?

पांझराकाठ
नमस्कार. मी धुळ्यात राहते. महिन्याची वीस तारीख उलटली की आमच्याकडचा किराणा संपत येतो आणि पगार होईपर्यंत स्वयंपाक भात, पिठले आणि बटाटा यांच्यापलीकडे जात नाही. मुले तक्रार करत नाहीत, पण त्यांच्या अंगी लागेल असे ताटात फारसे काही नसते हे मला दिसते आणि त्याचे फार वाईट वाटते. काटकसरीच्या म्हणून ज्या पाककृती पाहिल्या त्यांत पनीर आणि मशरूम आहे, त्यामुळे त्या आमच्या उपयोगाच्या नाहीत. आपल्याकडच्या घरात रोज करता येतील, कमी पैशांत होतील आणि लहानथोर सगळे खातील, असे पदार्थ कृपया सुचवावेत. सोमवारपासूनच बदल करायचा आहे, म्हणून उत्तर लवकर मिळाले तर बरे होईल.

यावलकर
ताई, याचे उत्तर आपल्या आज्यांनी आधीच देऊन ठेवले आहे, ते म्हणजे कळण्याची भाकरी. दोन भाग ज्वारी, एक भाग सालीसकट सबंध उडीद आणि चवीपुरते जाडे मीठ एकत्र करून गिरणीतून दळून आणावे. भाकरीतच डाळ असल्याने सोबत मिरचीचा ठेचा आणि कच्चा कांदा असला तरी जेवण पूर्ण होते, वेगळी भाजी केली नाही तरी चालते. आमच्याकडे हिवाळाभर हेच जेवण असते.

हिशेबाची वही
पदार्थ सुचवण्यापूर्वी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. घरात माणसे किती आहेत, त्यांत लहान मुले किती, महिन्याला किराणा आणि भाजीपाल्यावर किती रक्कम खर्च होते आणि तेल किती लागते? एवढे समजल्याशिवाय दिलेला सल्ला अंदाजपंचे ठरेल.

अमळनेरची मावशी
यावलकर भाऊ, दोनास एक हे प्रमाण रोजच्या खाण्यासाठी जड आहे. आमच्याकडे चार भाग ज्वारीला एक भाग उडीद घेतात आणि ज्वारी दादर या देशी वाणाचीच घेतात. दादरची भाकरी गोड लागते आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. संकरित ज्वारीचा कळणा मी कधी केला नाही आणि करणारही नाही.

यावलकर
मावशी, चारास एक प्रमाण घेतले तर उडदाची चवही लागत नाही आणि भाकरीला चिकटपणाही येत नाही. शिवाय दादरचा भाव संकरित ज्वारीपेक्षा बराच जास्त असतो. ज्यांना पैसे वाचवायचे आहेत त्यांना दादरचा आग्रह कशासाठी करावा?

पांझराकाठ
आम्ही सहा माणसे आहोत : आम्ही दोघे, दोन मुले, सासूबाई आणि कॉलेजात शिकणारा दीर. दूध आणि गॅस सोडून महिन्याला साधारण ७,००० रुपये हाताशी असतात. तेलाचे पाच लिटरचे दोन डबे लागतात. कळण्याची भाकरी मला येते, पण सासूबाईंना उडदाने वात होतो, त्यामुळे आमच्याकडे उडीद येतच नाही.

चाळीसगावचे गुरुजी
ताई, सर्वप्रथम आपण आपली शिधापत्रिका तपासून घ्यावी. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य आहे. मुलांची नावे पत्रिकेत नसतील तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज करावा आणि पोच जपून ठेवावी. अनेक कुटुंबे केवळ नावे न घातल्यामुळे हक्काच्या धान्याला मुकतात, म्हणून हे सविस्तर लिहिले.

पांझराकाठ
गुरुजी, आपण आपुलकीने लिहिलेत, पण शहरी भागासाठी प्राधान्य कुटुंबाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे आणि आमचे उत्पन्न त्यापेक्षा अधिक आहे. आमचे कार्ड केशरी आहे आणि त्यावर धान्य मिळत नाही. माझा प्रश्न स्वयंपाकाचा आहे.

हिशेबाची वही
ताई, आकडे दिल्याबद्दल आभार, कारण त्यांतच अर्धे उत्तर आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० कॅलरींचा जो आहारतक्ता दिला आहे, त्यात तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरले आहे. सहा माणसांचे तीस दिवसांचे मिळून हे पाच किलोच्या आतच भरते. पाच लिटरच्या डब्यात तेल साधारण साडेचार किलो असते, म्हणजे एक डबा आणि वर थोडे. तुमचा दुसरा डबा जवळजवळ पूर्णपणे जादा आहे. त्याच पैशांत मूग, मठ (मटकी) आणि हरभरा आणला तर शेवटच्या दहा दिवसांचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटेल. फोडणी डब्यातून सरळ कढईत ओतू नये, पळीने मोजून घालावी. महिन्याचे तेल एक तारखेलाच चार बाटल्यांत भरून ठेवावे आणि दर आठवड्याला एकच बाटली उघडावी.

अमळनेरची मावशी
खान्देशात तेलावाचून स्वयंपाक होत नाही, भाऊ. शेवभाजीवर तर्री नसेल तर ती शेवभाजी कसली? आणि भरिताला लसूण-मिरची तेलातच परतावी लागते. लेवा पाटलांच्या घरचे भरीत एकदा खाऊन पाहावे. पांढरट हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, लाकडी बडजीत ठेचून ते करतात. जळगावच्या त्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे ते उगीच नव्हे.

यावलकर
भरिताबद्दल मावशींशी शंभर टक्के सहमत आहे, फक्त कांद्याची पात आणि भाजलेले शेंगदाणे राहून गेले.

हिशेबाची वही
भरीत उत्तमच आहे, पण ताईंनी शेवटच्या आठवड्याचे विचारले आहे. वांग्याचा हंगाम नसताना आणि गॅसवर भाजायचे असताना ते स्वस्त पडत नाही. शेवभाजीचेही तेच आहे, कारण शेव विकत आणली की तेलाचे, बेसनाचे आणि हलवायाच्या मजुरीचे पैसे आपणच देतो. त्याऐवजी डुबुकवडे करावेत. बेसनात तिखट, मीठ, ओवा आणि कोथिंबीर घालून भज्यांइतके घट्ट भिजवावे आणि उकळत्या रश्श्यात बोटांनी एकेक सोडावे. तळण अजिबात नाही, रस्सा बेसनाने आपोआप दाट होतो आणि काळ्या मसाल्याची चव शेवभाजीच्या जवळ जाते. वडे सोडल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे पळी घालू नये, नाहीतर ते रश्श्यात विरघळतात.

नवापूरचा शेतकरी
डाळीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या नवापूरच्या तूरडाळीलाही भौगोलिक मानांकन आहे. तिचा वास आणि चव बाजारातल्या पॉलिश केलेल्या डाळीला येत नाही, ती शिजतेही लवकर. ताईंनी शेतकऱ्याकडून थेट वर्षाची डाळ, ज्वारी आणि गहू भरून ठेवावा. वर्षाचे धान्य एकदा भरले की महिनाअखेरीची चिंताच राहत नाही.

पांझराकाठ
दादा, वर्षाचे धान्य भरण्याइतकी रक्कम एका वेळी हातात असती, तर मी हा प्रश्न विचारलाच नसता. यजमानांचा पगारही हल्ली वेळेवर होत नाही. सध्या आम्ही डाळ आठवड्याला किलो-अर्धा किलो अशी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतो.

नंदुरबारची सून
ताई, आपली अडचण मी चांगली समजू शकते, कारण आमच्याही घरात तीच होती. आमच्या गल्लीत चार घरांनी मिळून धान्याची भिशी केली आहे. एका महिन्यात चौघी मिळून बाजार समितीजवळच्या व्यापाऱ्याकडून ज्वारीचे एक क्विंटलचे माप घेतो आणि पंचवीस-पंचवीस किलो वाटून घेतो. पुढच्या महिन्यात गहू, त्यापुढच्या महिन्यात डाळ. एकीवर मोठी रक्कम काढण्याची वेळ येत नाही आणि भाव ठोकचा मिळतो. पगाराच्या दिवशी आधी हा कोरडा माल घ्यायचा आणि भाजीपाला मात्र रोजच्या रोज, तोही संध्याकाळी बाजार उठताना घ्यायचा, एवढा नेम ठेवला आहे.
आता सासूबाईंसाठी. उडीद चालत नसेल तर ज्वारीत सालीचे मूग घालून दळावेत. मूग पचायला हलके असतात.

यावलकर
मुगाची भाकरी थापताना कडेने चिरते. भाकरी एकसंध राहते ती उडदाच्या चिकटपणामुळेच.

नंदुरबारची सून
ती गार पाण्यात मळली तर चिरते. पाणी उकळून त्यात मीठ घालावे, ते पिठात ओतून उलथण्याने कालवावे, झाकून ठेवावे आणि हाताला सोसेल इतके निवल्यावर तळहाताच्या टाचेने रगडून मळावे. उकळत्या पाण्याने ज्वारीचे पीठ स्वतःच चिकट होते. दळतानाच एकदम जास्त मूग घालू नयेत, पहिल्या खेपेला पाचास एक घेऊन पाहावे.

पोषणाचा अभ्यास
मूग की उडीद यावर वाद होऊ नये, कारण मूळ तत्त्व एकच आहे. ज्वारी, गहू आणि तांदूळ यांच्या प्रथिनांत लायसिन कमी असते आणि ते डाळी-कडधान्यांत भरपूर असते. दोन्ही एका जेवणात आले की प्रथिनांचा दर्जा सुधारतो. महिनाअखेरीचे भात आणि बटाटा हे जेवण मुलांना अपुरे पडते ते यामुळेच. त्या मानाने पिठले चांगले, कारण ते हरभऱ्याच्या डाळीचे असते. ते बंद करू नये, फक्त त्यात शेवग्याचा पाला किंवा मेथी घालावी. पालेभाजीतले लोह अंगी लागावे यासाठी ताटात लिंबाची फोड ठेवावी आणि जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा देऊ नये. मठ भिजवून मोड आणले तर त्यांत क जीवनसत्त्व वाढते, शिवाय वाटीभर मठाची मोड आल्यावर पातेलेभर उसळ होते.

पांझराकाठ
मुगाच्या भाकरीची कल्पना सासूबाईंना पटली आहे. मोडाचे मठही करीन. परंतु यातले बरेचसे पदार्थ घरी गरम खाण्याचे आहेत. मुलांना सकाळी डबा द्यायचा असतो. दीरही डबा नेतो. रस्सा डब्यातून सांडतो, भाकरी दुपारपर्यंत कडक होते, म्हणूनच बटाट्याची भाजी आणि पोळी दिली जाते. तेलही बहुधा त्यातच जास्त जात असावे.

हिशेबाची वही
ताई, डब्याचा उल्लेख सुरुवातीलाच आला असता तर बरे झाले असते, कारण त्याने सगळा विचारच बदलतो. सकाळी तीन डबे म्हणजे निम्मा स्वयंपाक तिथेच होतो.

अमळनेरची मावशी
डब्यासाठी फुनके करावेत, बाळा. हे मी आधीच लिहायला हवे होते. तुरीची डाळ आणि थोडी मुगाची डाळ भिजवून, पाणी पूर्ण निथळून, हिरवी मिरची, लसूण आणि जिऱ्याबरोबर पाट्यावर भरड वाटावी. मिक्सरमध्ये वाटायची असेल तर पाणी न घालता थांबून थांबून फिरवावी, कारण पीठ गुळगुळीत झाले की फुनके घट्ट होतात. त्यात भरपूर चिरलेला कांदा किंवा पात, कोथिंबीर, हळद आणि मीठ घालून हाताच्या मुठीत दाबून लांबट मुटके करावेत. चाळणीला तेलाचे बोट फिरवून त्यात वीसेक मिनिटे वाफवावेत. सुरी खुपसली असता कोरडी निघाली म्हणजे झाले. घरी कढीबरोबर द्यावेत आणि डब्यात नुसतेच द्यावेत. उरले तर दुसऱ्या दिवशी कुस्करून लसणाच्या चमचाभर फोडणीवर परतावेत, त्याची पोळीबरोबर खायला कोरडी भाजी होते. तेलाबद्दल मी बोलले खरी, पण यात तेल लागतच नाही.

यावलकर
फुनक्यांत मेथीची भाजी घातली तर मुलांच्या पोटात पालाही जातो. आमच्याकडे थंडीत तसेच करतात.

चाळीसगावचे गुरुजी
ज्वारी साठवताना कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून घालावा आणि डाळीला एरंडेलाचा हात लावावा, म्हणजे सोंडे लागत नाहीत. भुईमुगाचे शेंगदाणे कुबट लागले तर मात्र ते काटकसर म्हणून वापरू नयेत, टाकून द्यावेत, कारण बुरशीतले विष भाजल्यानेही पूर्ण जात नाही.

नंदुरबारची सून
डब्यासाठी आणखी एक सांगते. गंगाफळ (लाल भोपळा) घ्यावे. ते न कापता ठेवले तर बरेच दिवस टिकते, म्हणून पगाराच्या आठवड्यात एक सबंध आणून शेवटच्या आठवड्यासाठी बाजूला ठेवता येते. मेथीदाणा आणि सुकी मिरची यांच्या फोडणीवर टाकून झाकणावर पाणी ठेवून शिजवले, तर चमचाभर तेलात होते आणि डब्यातून सांडत नाही. दोडके स्वस्त असतील तेव्हा त्यांच्या शिरा टाकू नयेत, तीळ आणि लसूण घालून चटणी करावी.

पांझराकाठ
सर्वांचे मनापासून आभार. तेलाच्या बाटल्या आजच भरून ठेवल्या. सोमवारी डब्यात फुनके आणि पोळी, रात्री मुगाची भाकरी आणि डुबुकवडे, मंगळवारी मठाची उसळ असे ठरवले आहे. भिशीबद्दल शेजारच्या दोघींशी बोलले, त्या तयार आहेत, चौथे घर शोधत आहोत. एक शंका राहिली आहे. मला सकाळी साडेसहाला डबे भरावे लागतात, तर फुनक्यांची डाळ आदल्या रात्री भिजवून ठेवली तर चालेल का?

अमळनेरची मावशी
धुळ्याच्या उकाड्यात रात्रभर पाण्यात ठेवली तर डाळ आंबते आणि फुनक्यांना वास येतो. संध्याकाळी चार वाजता भिजत घालावी, रात्री जेवणे झाल्यावर वाटून झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवावी. कांदा आणि मीठ मात्र रात्री घालू नये, पाणी सुटते आणि मुटके वळले जात नाहीत. फ्रीज नसेल तर रात्रीच वाफवून ठेवावेत आणि सकाळी पाच मिनिटे पुन्हा वाफ द्यावी.