परड्यातली आग: सरसकट बंदी हवी की नाही?

वडगावकर, बेळगाव
थंडी सुरू झाली की सकाळी साडेसहाला आमच्या गल्लीत कोणाच्या परड्यात काय जळते आहे, हे मला अंथरुणातूनच सांगता येते. दवाने भिजलेला आंब्याचा पाला पेट घेत नाही, तासभर नुसता धुमसतो. तो पेटावा म्हणून त्यात दुधाच्या पिशव्या आणि तुटक्या चपला टाकल्या की पांढरा धूर काळा होतो. गार हवा जमिनीलगत बसलेली असल्यामुळे तो धूर वर न जाता कौलांच्या उंचीवरच पसरून राहतो. आईला दमा आहे, आणि त्या वेळी आम्ही खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबत असतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली आणि त्यासाठी ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली; पण आमच्या गल्लीत त्याचा काडीचाही परिणाम दिसलेला नाही. म्हणून परड्यातला पाला, उसाचे पाचट (वाळलेली पाने) आणि भाताचा तरवा (रोपांसाठी पाला जाळून भाजायचा वाफा), या सगळ्यांवर एकच बंदी असावी असे मला वाटते, कारण सवलतीची एक फट ठेवली की त्यातूनच सगळा कचरा जाळला जातो.

भातशेतकरी, खानापूर तालुका
आपल्या आईंच्या त्रासाबद्दल वाईट वाटते, आणि चपला जाळणाऱ्याला दंड व्हायलाच हवा. परंतु तरव्याला त्या ओळीत बसवणे मला मुळीच मान्य नाही. लावणीच्या शेताच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढ्या जागेत आम्ही शेण, टहाळ, पालापाचोळा आणि वर मातीचा पातळ थर देतो, आणि वारा पडलेला बघून, वाऱ्याच्या उलट्या बाजूने आग लावतो, म्हणजे ती धावत न जाता सावकाश सरकते. त्या उष्णतेने तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते, आणि माती इतकी भुसभुशीत होते की लावणीच्या वेळी रोप उपटताना मूळ तुटत नाही. हे वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर होते. त्याला पर्याय म्हणून तणनाशक सांगितले जाते, पण त्याच बांधाखालच्या ओढ्यावर आमची जनावरे पाणी पितात.

ऊस उत्पादक, निपाणी
पाचटाबाबत मात्र मी वडगावकरांच्या बाजूचा आहे, आणि तेही अनेक वर्षे स्वतः फड पेटवल्यानंतर. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते आणि जाळल्यावर त्यातला नत्र जवळजवळ सगळा हवेत जातो. म्हणजे एका हाताने युरिया विकत घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने जाळायचा. आता मी खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुंध्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसात, पाचट सरीत दाबतो आणि टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो जिवाणू संवर्धक टाकतो. पहिल्या वर्षी उंदरांचा त्रास झाला, हेही सांगायला हवे. पण उन्हाळ्यात एक पाणी वाचले, तेव्हा शेजारचे दोघे बघायला आले. बंदीच्या भीतीने त्यांच्यापैकी कोणीही काडीपेटी खाली ठेवली नसती.

गृहिणी, खानापूरजवळच्या एका गावातून
आमच्या गावात घंटागाडी येत नाही. पाला उकिरड्यावर जातो, पण पिशव्या आणि औषधांची पाकिटे कोठे टाकायची, हे कोणी सांगितलेले नाही. बंदीचा फलक लावला होता तोही फक्त कन्नडमध्ये, आणि माझ्या सासूबाईंना तो शेवटी शाळकरी नातवाने वाचून दाखवला. नियम पाळावा असे वाटत असेल, तर तो लोकांच्या भाषेत लिहिलेला असावा आणि त्याच्या मागोमाग कचऱ्याची गाडी यावी.

वडगावकर, बेळगाव
ताई, आपले म्हणणे रास्त आहे. तरव्याबद्दलचा माझा आग्रहही मी मागे घेतो, कारण वर्षातला एक दिवस आणि रोजची सकाळ यांत फरक आहे. मात्र भीमगड अभयारण्याच्या कडेला उन्हाळ्यात एक ठिणगी उडाली तर ती बांध ओळखत नाही. तेव्हा निदान लेखी परवानगी आणि भोवती जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) सक्तीची असावी. शहरातल्या पाल्याला मात्र मी कोणतीही सूट मान्य करणार नाही. आमच्याच परड्यात सहा फूट लांब, तीन फूट रुंद खड्डा आहे. त्यात पाला, शेणकाला आणि मातीचा हात फिरवला की पुढच्या पावसाळ्याआधी खत तयार होते.

भातशेतकरी, खानापूर तालुका
जाळरेषा मान्य, आणि ती आम्ही आजही काढतो. लेखी परवानगी मान्य नाही. वारा कोणत्या दुपारी पडेल हे आदल्या दिवशी ठरत नाही, आणि कणकुंबीसारख्या दूरच्या गावातल्या माणसाने त्यासाठी खानापूरला खेटे घालावेत, हे न्याय्य नव्हे. गावच्या पंचायतीत तोंडी सांगून, पाण्याच्या दोन घागरी आणि चार माणसे बांधावर ठेवून आग लावावी, एवढी अट पुरेशी आहे.