मदत हवी आहे: गाइडिंगचा आलेख चांगला, तरी एम ५१ दीर्घिकेच्या फोटोत तारे लांबट आणि पार्श्वभूमीवर तिरके ओरखडे

प्रश्न

साहित्य: २०० मिमी एफ/५ न्यूटोनियन (फोकल लेंथ १००० मिमी), कोमा करेक्टर (कडेचे तारे गोल ठेवणारं भिंग), ईक्यू६ वर्गातलं माउंट. रंगीत कूल्ड कॅमेरा, २६ मेगापिक्सेल, ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल, गेन १००, तापमान उणे १०. गाइडिंगला (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सुधारत राहायला) वेगळी ५० मिमी दुर्बीण म्हणजे गाइडस्कोप, फोकल लेंथ २०० मिमी, कॅमेऱ्याचे पिक्सेल ३.७५ मायक्रॉन. बॉर्टल ५ चं (मध्यम प्रकाश-प्रदूषणाचं) आकाश. १८० सेकंदांच्या ६० फ्रेम, म्हणजे एकूण तीन तास. डिथर (फ्रेमांच्या मध्ये दुर्बीण मुद्दाम थोडी हलवणं) बंद.

अडचणी चार आहेत. एक, पीएचडी२ या गाइडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आरएमएस (सरासरी चूक) ०.७ आर्कसेकंद दिसतो, तरी तारे लांबट येतात, आणि सगळ्या फ्रेमभर एकाच दिशेने. दोन, स्टॅक करून (फ्रेम एकत्र करून) स्ट्रेच केल्यावर (मंद भाग उजळल्यावर) पार्श्वभूमीवर पावसाच्या सरींसारखे तिरके ओरखडे. तीन, फ्लॅट (एकसमान उजेडात घेतलेल्या, कोपऱ्यांचा अंधार आणि धुळीचे डाग घालवायच्या फ्रेम) लावल्यावर कोपरे उलटे उजळतात आणि धुळीची काळी वर्तुळं पांढरी होतात. चार, शेजारच्या एनजीसी ५१९५ दीर्घिकेभोवतीचा धूसर पिसारा जवळजवळ दिसतच नाही. मोठी दुर्बीण घेतल्याशिवाय तो मिळणार नाही का?

प्रतिसाद १

दुर्बीण पुरेशी आहे, ती बदलू नका. पहिल्या दोन अडचणींचं मूळ बहुधा एकच निघेल.

आधी १० सेकंदांची एक फ्रेम घ्या. तीत तारे गोल असतील तर दोष हालचालीचा. तीतही लांबट असतील तर कॉलिमेशन (आरशांची जुळणी) किंवा आरसा तपासायचा. फक्त कोपऱ्यातले तारे लांबट आणि केंद्राकडे रोखलेले असतील, तर कोमा करेक्टर ते सेन्सर हे अंतर चुकलंय. तारे एखाद्या बिंदूभोवती गोल फिरल्यासारखे दिसले तर पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) चुकलंय.

१० सेकंदांत गोल आणि १८० त लांबट असेल, तर पहिली आणि साठावी फ्रेम प्लेट सॉल्व्ह करून (ताऱ्यांवरून ती आकाशात नेमकी कुठे आहे ते सॉफ्टवेअरने काढून) केंद्र किती सरकलं आणि फ्रेम किती फिरली ते इथे लिहा. पुढचं त्या आकड्यांवर ठरेल.

धागाकर्ता

१० सेकंदांत तारे गोल आहेत. पहिल्या ते साठाव्या फ्रेमपर्यंत केंद्र साधारण १५० पिक्सेल सरकलंय, जवळपास सरळ रेषेत. फिरणं नगण्य.

प्रतिसाद १

मग हे डिफरन्शियल फ्लेक्शरच. तुमचं प्रमाण पिक्सेलला ०.७८ आर्कसेकंद आहे. ६० फ्रेममध्ये १५० पिक्सेल म्हणजे दर फ्रेमला अडीच पिक्सेल, सुमारे १.९ आर्कसेकंद. गाइडस्कोप आपल्या ताऱ्यावर इमानाने खिळलेला आहे, म्हणून आलेख छान दिसतो. पण माउंट फिरतं तसा दोन दुर्बिणींमधला कोन बदलतो आणि मुख्य दुर्बीण हळूहळू भलतीकडे बघू लागते. आलेखात हे कधीच दिसणार नाही, कारण तो फक्त गाइडस्कोपचं सांगतो.

ओरखडेही त्याच सरकण्याचे. सेन्सरचा ठरलेला नॉइज जागेवर असतो. तारे जुळवताना सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम थोडी थोडी एकाच दिशेने सरकवतं, आणि तो नॉइज रेघ ओढत जातो. ओरखड्यांची दिशा आणि ताऱ्यांच्या लांबटपणाची दिशा ताडून बघा, जुळायला हवी. अशा रेघा सिग्मा क्लिपिंगनेही (इतर फ्रेमपेक्षा वेगळे पडणारे पिक्सेल गाळूनही) नीट जात नाहीत, कारण शेजारच्या फ्रेममध्ये तोच नॉइज जेमतेम दोन-तीन पिक्सेल बाजूला असतो.

खर्च करण्याआधी हे करून बघा: गाइडस्कोपची तीन-तीन स्क्रूंची कडी काढून घट्ट आवळणारी कडी लावा. फोकसरचा लॉक स्क्रू आवळा. लोंबणाऱ्या केबल ट्यूबलाच बांधा. मुख्य आरशाचे कॉलिमेशनचे लॉक स्क्रू घट्ट आहेत ना बघा, पण आरशाच्या क्लिपा दाबू नका. क्लिप आणि काच यांच्यात कागद सरकेल एवढी फट हवीच, नाहीतर आरसा चिमटून तारे त्रिकोणी होतील.

एवढं करूनही न्यूटोनियनमध्ये मुख्य आरसा आपल्या जागी किंचित सरकतोच. हे सरकणं वेगळा गाइडस्कोप पकडू शकत नाही. १००० मिमीला पक्का इलाज म्हणजे ऑफ-अ‍ॅक्सिस गाइडर.

प्रतिसाद २

त्यात भर. ओएजी, म्हणजे हाच ऑफ-ॲक्सिस गाइडर, मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश प्रिझमने गाइड कॅमेऱ्याकडे वळवतो. तो लावला म्हणून फोकस हुकण्याची भीती नाही. कोमा करेक्टरला ५५ मिमी लागत असतील तर १६.५ चा ओएजी + २१ चा स्पेसर + कॅमेऱ्याचे १७.५ = ५५; ओएजी फक्त स्पेसरची जागा घेतो. पुढे २ मिमीचा फिल्टर असला तर अंतर सुमारे ०.७ मिमी वाढवा. प्रिझम सेन्सरच्या लांब बाजूला ठेवा, म्हणजे सावली न पाडता आत सरकवता येतो. आधी दिवसा लांबच्या टॉवरवर मुख्य कॅमेरा फोकस करा, मग फोकसरला हात न लावता गाइड कॅमेरा वरखाली करून फोकस करा. हे रात्री करायला गेलात तर तासभर काळा पडदाच बघत बसाल.

आणि इथे हमखास चूक होते: पीएचडी२ मध्ये फोकल लेंथ १००० करून कॅलिब्रेशन नव्याने करा, आणि डिथरचा आकडाही बदला. सध्याच्या गाइडस्कोपवर गाइड कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे ३.८७ आर्कसेकंद, मुख्य कॅमेऱ्याचे पाच पिक्सेल. तिथे डिथर ३ ठेवला की मुख्य कॅमेऱ्यात १५ पिक्सेलपर्यंत उडी मिळते. ओएजीवर दोन्हींचं प्रमाण जवळपास सारखं, मग तोच ३ जेमतेम तीनच पिक्सेल सरकवेल आणि ओरखडे पुन्हा हजर. १२ ते १५ ठेवा, दिशा रँडम. सेटल होण्याची मर्यादाही त्याच हिशेबाने सैल करा, नाहीतर दर वेळी टाइमआउट होईल.

प्रतिसाद ३

१८० सेकंदांची गरजच नाही. या सेन्सरचा रीड नॉइज (फ्रेम वाचताना मिसळणारा नॉइज) गेन १०० ला साधारण १.५ इलेक्ट्रॉन. त्याच्या वर्गाच्या दसपट, म्हणजे २२-२३ इलेक्ट्रॉन आकाशाकडून आले की रीड नॉइज जवळपास बुडतो. १६ बिटमध्ये एडीयूला (फाइलमधल्या पिक्सेलच्या आकड्याचं एकक) पाव इलेक्ट्रॉन धरला तर हे ९० एडीयू. डार्कचं (झाकण लावून घेतलेल्या फ्रेमचं) मीडियन ५०० असेल तर लाइटची (आकाशाच्या फ्रेमची) पार्श्वभूमी ५९० च्या वर हवी, आणि ती सर्वांत मंद रंगात तपासा. बॉर्टल ५ ला एफ/५ वर ६० सेकंदांपासून मोजून बघा. फ्रेम लहान झाली की उरलंसुरलं फ्लेक्शरही तिच्यात कमी उमटतं. ६० सेकंदांना दर तिसऱ्या फ्रेमनंतर डिथर पुरे. डिस्क मात्र मोकळी ठेवा: फ्रेम ५२ एमबीची, सहा तासांचे ३६० फ्रेम म्हणजे जवळपास १९ जीबी.

पिसाऱ्याचं उत्तर तासांत आहे. नॉइजच्या तुलनेत सिग्नल वेळेच्या वर्गमुळाने वाढतो; दुप्पट हवा तर तीनाचे बारा तास करा. अंधाऱ्या जागी जाणं याहून स्वस्त पडतं. आकाश दर चौरस आर्कसेकंदाला १९.५ वरून २१.५ मॅग्निट्यूडचं झालं की ते ६.३ पट काळं होतं, आणि अशा मंद भागासाठी तिथला एक तास इथल्या सहा तासांएवढा. ड्युअल-बँड फिल्टर (फक्त दोन अरुंद रंगपट्टे सोडणारा) यासाठी घेऊ नका. पिसाऱ्याचा प्रकाश ताऱ्यांचा, सलग वर्णपटाचा आहे. तो फिल्टर त्यातला बहुतेक प्रकाशच अडवेल. भुजांमधले लाल हायड्रोजनचे ठिपके तेवढे उठावदार होतील.

प्रोसेसिंगमध्येही पिसारा मरतो. पार्श्वभूमी काढताना नमुन्याचे बिंदू दीर्घिकेच्या जवळ पडले किंवा वक्राची डिग्री ४ ठेवली, तर सॉफ्टवेअर पिसाऱ्यालाच ग्रेडियंट समजून पुसतं. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फ्रेमवर डिग्री १, मग स्टॅक, मग गरज असेल तरच डिग्री २. एम ५१ चं अंग ११ आर्कमिनिटांचं आहे; बिंदू त्याच्या दुप्पट घेराबाहेर ठेवा. तुमच्या फ्रेमची लहान बाजू ५४ आर्कमिनिटांची, जागा भरपूर आहे.

धागाकर्ता

फ्लॅटचं राहिलं. २८,००० एडीयूवर ३० फ्लॅट, तेवढ्याच एक्सपोजरचे डार्क-फ्लॅटही आहेत.

प्रतिसाद २

मग फ्लॅटपेक्षा लाइटकडे संशय जातो. कोपरे उजळणं म्हणजे लाइटमध्ये असं काहीतरी उरलंय ज्यावर व्हिन्येटिंग (कोपऱ्यांकडे प्रकाश कमी होणं) लागूच झालेलं नाही, आणि फ्लॅटने भागल्यावर ते कोपऱ्यात फुगतं. पहिला तपास: डार्क आणि लाइट यांचा गेन आणि ऑफसेट (कॅमेरा प्रत्येक पिक्सेलमध्ये मिळवतो तो ठरावीक आकडा) एकच आहे का, हेडरमध्ये वाचा. डार्कचा ऑफसेट कमी असेल तर वजाबाकी अपुरी होते.

ते बरोबर असेल तर प्रकाशाची गळती शोधा. अंधाऱ्या खोलीत ट्यूबचं पुढचं झाकण लावा, ६० सेकंदांची फ्रेम घ्या, मीडियन लिहून ठेवा. मग तशीच दुसरी फ्रेम चालू असताना टॉर्च आरशाच्या मागून आणि फोकसरच्या नळीभोवती फिरवा. मीडियन वाढलं की वाट सापडली. न्यूटोनियनमध्ये ती बहुधा मागच्या उघड्या तोंडाची असते. आरसा थंड होऊ द्यावा आणि मग तिथे दुहेरी काळं कापड इलॅस्टिकने बसवावं. जुने डार्क दुर्बिणीवर कॅमेरा असताना घेतले असतील तर तेही टाकून द्या. नवे घेताना कॅमेरा काढून त्यावर धातूचं झाकण लावा. काही प्लॅस्टिकच्या झाकणांतून इन्फ्रारेड आरपार जातो.